ताळेबंदाचे वाचन : बँकिंगच्या उच्च शिक्षणाविषयी

बारावीची परीक्षा तोंडावर आली की आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न हमखास निघतो : "बँकेत लागायचे असेल तर कोणती शाखा घ्यावी?" विद्यार्थी बहुधा वडिलांबरोबर आलेला असतो, आणि प्रश्न त्याच्या तोंडून निघाला तरी तो घरी ठरून आलेला असतो, हे ओळखण्यास फारशी बुद्धी लागत नाही. आम्हां बडोदेकर मराठी कुटुंबांना ही भाषा परिचयाची आहे. आमचे आजे-पणजे गायकवाड सरकारच्या कोणत्या ना कोणत्या खात्यात लागले, त्यांची मुले रेल्वेत अथवा टपालखात्यात लागली, आणि आता नातवंडे बँकेत लागू पाहतात. 'लागणे' हे क्रियापद तेवढे कायम राहिले.

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर पुष्कळांची निराशा करते. सरकारी बँकांतील अधिकाऱ्यांच्या सामाईक प्रवेशपरीक्षेस कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. वनस्पतिशास्त्र घेतलेला बसतो, इतिहास घेतलेलाही बसतो, आणि दोघेही उत्तीर्ण होताना आम्ही पाहिले आहेत. म्हणजे केवळ बँकेत लागण्यासाठी बँकिंगची पदवी घेण्याचे कारण नाही. मग विद्यापीठात हा विषय तीन-तीन, पाच-पाच वर्षे का शिकवतात आणि विद्यार्थी तो का शिकतात, असा पुढचा प्रश्न उरतो. आम्हांला लिहावयाचे आहे ते याविषयी. नोकरीचा मार्ग दाखविण्याचा हेतू येथे नाही.

आरंभी घरातली एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे, कारण या विद्येचे मोल आम्हांला प्रथम कळले ते वर्गात नव्हे.

आमच्या एक आत्याबाई दांडिया बाजारात राहत. प्राथमिक शाळेत चौतीस वर्षे शिकवून त्या निवृत्त झाल्या, आणि निवृत्तीच्या वेळी मिळालेली बहुतेक सारी रक्कम त्यांनी जवळच्याच एका सहकारी बँकेत ठेवली. बँक आपल्या माणसांची, संचालक ओळखीचे, व्यवस्थापक त्यांच्या एका विद्यार्थिनीचे यजमान. शिवाय व्याज इतर बँकांपेक्षा दोन-अडीच टक्के अधिक. २००२ साली एका सकाळी बँकेच्या दारावर सूचना लागली की, पुढील आदेश होईपर्यंत कोणाही खातेदारास एक हजार रुपयांहून अधिक रक्कम काढता येणार नाही. आत्याबाईंची ठेव दोन लाख साठ हजारांची होती. त्या दिवशी त्या दारापुढच्या पायरीवर दुपारपर्यंत बसून होत्या, हे आम्हांला शेजाऱ्यांकडून कळले.

आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा ठेवीच्या पावत्या काढण्यासाठी त्यांनी फडताळ उघडले. फडताळाच्या खणांत लोणच्याच्या बरण्यांखाली छापील कागद अंथरलेले होते. ते त्याच बँकेचे वार्षिक अहवाल होते. आत्याबाई भागधारक सभासद असल्यामुळे दरवर्षी एक अहवाल नेमाने घरी येई. आम्ही विचारले, "आत्या, हे तुम्ही कधी वाचले होते का?" त्या म्हणाल्या, "अरे, त्यात सगळे आकडेच आकडे. शेवटच्या पानावर सभासदांच्या मुलांच्या गुणगौरवाचे फोटो असतात, तेवढे पाहते."

अहवाल गुजरातीत होता आणि आत्याबाईंना गुजराती उत्तम येत असे. अडचण भाषेची नव्हती. आम्ही बरणी उचलून मागील वर्षाचा अहवाल बाहेर काढला. तेव्हा आम्ही वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला होतो. अर्ध्या तासात आम्हांला जे दिसले त्याने आम्ही अवाक् झालो. बँक बुडणार ही गोष्ट त्या पानांवर एक वर्ष आधी छापलेली होती. कोणी लपविली नव्हती. कर्जांपैकी चौथाईहून अधिक थकलेली होती, त्यांतली मोठी कर्जे मोजक्याच लोकांना दिलेली होती, आणि लेखापरीक्षकांनी बारीक टाइपात शेरा मारला होता की, थकित कर्जांसाठी पुरेशी तरतूद केलेली आढळत नाही. या एका वाक्याचा अर्थ लावता येणारे माणूस त्या सबंध वाड्यात एकही नव्हते. आम्ही होतो, पण आम्ही ते पान कधी मागितले नव्हते.

हे वाक्य वाचता यावे म्हणून काय शिकावे लागते, ते आता पाहू.

बँक म्हणजे काय याची व्याख्या आपल्या देशात १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याने केली आहे. तिचा आशय असा : कर्ज देण्यासाठी अथवा गुंतविण्यासाठी लोकांकडून ठेवी स्वीकारणे, आणि त्या ठेवी मागणी होताच किंवा ठरल्या मुदतीने परत करणे, त्या चेकने, ड्राफ्टने किंवा अन्य आदेशाने काढता येतील अशा असणे. पुष्कळ विद्यार्थी ही व्याख्या पाठ करतात आणि पुढे जातात. आमचे म्हणणे असे की येथे थोडे थांबावे. दोन गोष्टी एका वाक्यात बांधल्या आहेत, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध जाणाऱ्या आहेत. पैसे मागताक्षणी परत द्यावयाचे, आणि तेच पैसे दुसऱ्याला पाच, दहा, वीस वर्षांसाठी देऊन बसावयाचे! एखाद्या सामान्य गृहस्थाने असा व्यवहार केला तर आपण त्यास शहाणा म्हणणार नाही. बँक मात्र हे करू शकते, कारण सर्व ठेवीदार एकाच दिवशी पैसे मागावयास येत नाहीत. ते का येत नाहीत? आपण मागितले तर मिळतील, अशी प्रत्येकाची खात्री असते म्हणून. ही खात्री गेली की सारे येतात, आणि सारे आले की कोणतीही बँक, मग ती कितीही सचोटीने चाललेली असो, देऊ शकत नाही. मराठीत 'पत' हा जो दोन अक्षरी शब्द आहे त्यात हे शास्त्र सगळे सामावले आहे.

आता ताळेबंदाकडे वळू. एक लहानशी काल्पनिक बँक घेऊ. तिच्या भागधारकांचे भांडवल व साठविलेला राखीव निधी मिळून १० लाख रुपये आहेत, आणि लोकांच्या ठेवी ९० लाख. एकूण १०० लाख रुपये बँकेच्या हाती आले. ते तिने असे ठेवले : रोख व रिझर्व्ह बँकेकडील शिल्लक ८ लाख, सरकारी रोखे २२ लाख, आणि दिलेली कर्जे ७० लाख.

येथे नवशिक्याचा पहिला गोंधळ होतो. ठेवी ही बँकेची संपत्ती आहे असे त्यास वाटते, आणि दिलेली कर्जे म्हणजे गेलेला पैसा. खरा प्रकार उलटा आहे. ठेव हे बँकेचे देणे आहे, आणि कर्ज हे तिचे येणे. बँकेच्या इमारतीवर 'आमच्या ठेवी इतक्या कोटींच्या झाल्या' असा फलक लागतो तेव्हा त्याचा अर्थ 'आम्ही लोकांचे इतके देणे लागतो' असा होतो. हा फलक ज्यास असा वाचता आला, त्याचा या विद्येत प्रवेश झाला असे आम्ही समजतो.

पुढे पाहा. ७० लाखांच्या कर्जांपैकी १० लाखांची कर्जे बुडाली असे धरू. म्हणजे साताला एक. येणे ६० लाखांवर आले. बँकेजवळ आता एकूण ९० लाखांची मत्ता उरली, आणि लोकांचे देणे तर ९० लाखच आहे. भागधारकांचे सारे भांडवल धुऊन गेले. सातांतले सहा कर्जदार नियमाने हप्ते भरीत आहेत, बँकेचा दरवाजा उघडा आहे, पंखे फिरत आहेत, कारकून आदबीने बोलत आहेत, तरी बँक शून्यावर आलेली आहे. यापुढे बुडणारा प्रत्येक रुपया ठेवीदाराचा. १५ लाख बुडाले तर ५ लाखांचा खड्डा आत्याबाईंसारख्यांच्या वाट्याला येतो.

लेखापरीक्षकांच्या शेऱ्यातील 'तरतूद' हा शब्द येथेच येतो. ठराविक काळपर्यंत (आज हा काळ ९० दिवसांचा आहे) व्याज वा हप्ता न आलेले कर्ज 'अनुत्पादक' ठरवावे लागते, आणि ते पूर्ण बुडेल तेव्हा बुडो, त्याआधीच नफ्यातून काही भाग बाजूला काढून ठेवावा लागतो. ही तरतूद केली नाही तर ताळेबंदात नफा दिसतो, भागधारकांना लाभांश वाटला जातो, गुणगौरवाचे समारंभ होतात, आणि आकडा मात्र खोटा असतो. 'पुरेशी तरतूद केलेली आढळत नाही' या शब्दांचा साध्या मराठीत अर्थ असा : दाखविलेला नफा खरा नाही, आणि भांडवल दिसते तितके उरलेले नाही.

आणि ते अडीच टक्के अधिक व्याज? आमच्या काल्पनिक बँकेचेच उदाहरण घ्या. कर्जांवर १० टक्के आणि रोख्यांवर ७ टक्के मिळतात असे धरले तर वर्षाचे उत्पन्न ७ लाख आणि १ लाख ५४ हजार, म्हणजे ८ लाख ५४ हजार रुपये झाले. ठेवींवर ६ टक्के दिल्यास ५ लाख ४० हजार जातात, आणि पगार, भाडे, तरतूद यांसाठी ३ लाख १४ हजार उरतात. तीच बँक ८ टक्के देऊ लागली तर ७ लाख २० हजार जातात आणि उरतात अवघे १ लाख ३४ हजार. एवढ्यात तिचा संसार चालत नाही. मग ती १० टक्क्यांऐवजी १४ टक्क्यांनी कर्ज देऊ पाहते. १४ टक्के कोण देतो? ज्यास दुसरीकडे दहाने मिळत नाही तो! अधिक व्याज देणारी प्रत्येक बँक वाईट असते असे नाही. पण ती ते कोठून देते हे विचारण्याचा हक्क ठेवीदारास आहे, आणि उत्तर बहुधा छापलेले असते.

असे वाचन करून कोणी बँकांचे भविष्य आधी सांगितले आहे काय? सांगितले आहे. १९१३ साली इंग्लंडमधील तिशीच्या उंबरठ्यावरचे एक अर्थशास्त्रज्ञ, जॉन मेनार्ड केन्स यांनी हिंदुस्थानचे चलन व अर्थव्यवहार या विषयावर आपले पहिले पुस्तक प्रसिद्ध केले. हिंदुस्थानात त्यांनी कधी पाऊल ठेवले नव्हते. समोर होते ते आकडे. येथील लहान नव्या बँकांचे भांडवल, ठेवी आणि हाती असलेली रोकड यांची तुलना करून त्यांनी लिहिले की, ही रोकड अगदीच अपुरी आहे आणि पुढचा वाईट काळ आला की या बँका भराभर कोसळतील. तो वाईट काळ यावयास फार वेळ लागला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात लाहोरची पीपल्स बँक बंद पडली आणि वर्ष संपण्याच्या आत मुंबईची इंडियन स्पीशी बँक गेली. लोकांच्या पैशाने चांदीचा सट्टा खेळल्याचे या दुसऱ्या बँकेच्या बाबतीत उघडकीस आले. पुढील तीन-चार वर्षांत अशा कितीतरी बँका गेल्या.

आमची बँक ऑफ बडोदा त्या वेळी अवघी पाच वर्षांची होती. २० जुलै १९०८ रोजी श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने ती स्थापन झाली. सर विठ्ठलदास ठाकरसी व लल्लुभाई सामळदास यांच्यासारखे व्यवहारकुशल गृहस्थ तिच्या उभारणीत होते, आणि वसूल भांडवल १० लाखांचे होते. ती त्या वादळातून तरली. पुढे १९ जुलै १९६९ रोजी तेरा अन्य बँकांबरोबर तिचे राष्ट्रीयीकरण झाले. एकसष्ट वर्षे पुरी होण्यास तेव्हा एक दिवस उणा होता. तत्पूर्वी बडोद्यात पैशाचा व्यवहार हरिभक्ती, मैराळ यांच्यासारख्या सावकारी पेढ्यांतून चाले, आणि खुद्द गायकवाड सरकारही त्यांचे ऋणको असे. ज्या राज्याने सावकारांच्या कर्जाचा जाच सोसला होता, त्या राज्याच्या राजाला बँक काढावीशी वाटली यात आम्हांला नवल वाटत नाही.

बँक बुडाल्यावर ठेवीदाराचे काय, हा प्रश्न मात्र आपल्या देशाने बराच उशिरा हाती घेतला. १९६० च्या ऑगस्टमध्ये केरळातील पलाई सेंट्रल बँक बंद झाली आणि एकच हलकल्लोळ झाला. त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला. आरंभी मर्यादा होती माणशी १,५०० रुपयांची. ती वाढत वाढत १९९३ मध्ये एक लाखावर आली आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांवर. आत्याबाईंची बँक या दोन तारखांच्या मध्ये बुडाली. दोन लाख साठ हजारांपैकी एक लाख रुपये त्यांना विम्यातून मिळाले, तेही दीड वर्षाने. उरलेल्यापैकी हाती फारच थोडे आले. या विद्येत तारखांना महत्त्व असते, ते असे.

आता प्रत्यक्ष विद्यापीठात काय शिकवतात त्याकडे येऊ. आमच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात वाणिज्य विद्याशाखेत बँकिंग व विमा असा एक विभाग आहे. अन्यत्रही थोड्याफार फरकाने असेच अभ्यासक्रम आहेत. पहिल्या वर्षी हिशेबलेखन येते. हा विषय रुक्ष आहे, हे आम्ही लपवीत नाही. जमा आणि नावे यांची जोडी मनात मुरेपर्यंत दोन-तीन महिने जातात, आणि त्या काळात पुष्कळ हुशार मुले विषय सोडून देण्याच्या गोष्टी करतात. त्यांना आम्ही सांगतो की सूर्यनमस्कार घालतानाही पहिल्या आठवड्यात फक्त अंगच दुखते. अर्थशास्त्र, सांख्यिकी, व्यवस्थापन हे विषय त्या त्या ठिकाणी येतातच. त्यांविषयी येथे विस्तार करीत नाही.

कायद्याचा विषय मात्र वाटतो त्याहून रंजक आहे. चेक, वचनचिठ्ठी इत्यादींचा कायदा १८८१ चा आहे. मराठीत त्यास 'परक्राम्य संलेख अधिनियम' असे भारदस्त नाव दिलेले आहे. ते उच्चारून दाखविणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही दोन गुण अधिक द्यावयास तयार आहो. या कायद्याच्या पहिल्याच कलमात अशी सवलत आहे की, पौर्वात्य भाषेत लिहिलेल्या संलेखांविषयीच्या स्थानिक रूढीस बाध येणार नाही. म्हणजे हुंडीस! दाखविताच पैसे द्यावयाची ती दर्शनी, मुदतीने द्यावयाची ती मुदती, आणि पेढीवरच्या प्रतिष्ठित शहालाच पैसे मिळावेत अशी ती शहाजोग. हुंडी हरवली तर 'पैठ' लिहून देत, तीही हरवली तर 'परपैठ'. इंग्रजांच्या कायदेपंडितांनी ही व्यवस्था मोडली नाही, तिला वाट करून दिली. आपल्या सराफांची पत कागदाच्या कोणत्या तुकड्यावर किती दूर जात असे, ते या कलमावरून कळते.

गणिताची धास्ती अनेकांना असते. बँकिंगला लागणारे बरेचसे गणित दहावीपर्यंतच्या चक्रवाढ व्याजाचे आणि श्रेणीचेच असते. फरक इतकाच की येथे उत्तर चुकले तर कोणाचे तरी घर अडचणीत येते. एक उदाहरण देतो. दुकानदार म्हणतो, "१२,००० रुपयांचा माल न्या, वर्षाला १२ टक्के व्याज, बारा सारखे हप्ते." व्याज १,४४० रुपये, एकूण १३,४४०, दरमहा १,१२०. ऐकावयास सरळ वाटते. परंतु तुम्ही १२,००० रुपये वर्षभर वापरलेच नाहीत. पहिल्या महिन्यापासून मुद्दल फिटत गेले. दर महिन्यास मुद्दलातले हजार फिटले असे धरले तर बाकी १२,०००, ११,०००, १०,००० अशी उतरत शेवटी १,००० होते. तिची सरासरी ६,५०० रुपये. या ६,५०० वर १,४४० व्याज म्हणजे बाराच्या जागी बावीस टक्क्यांच्या आसपास. काटेकोर रीतीने काढले तर दर जवळजवळ साडेएकवीस टक्के येतो. वाचकांनी हे उदाहरण घरी वहीवर करून पाहावे, आणि मग घरातल्या एखाद्या हप्त्याच्या कागदावर तीच रीत लावावी. त्या रात्री जेवताना काय बोलणे होते ते आम्हांला जरूर कळवावे.

आमच्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांपुढे खरी अडचण उभी राहते ती इंग्रजीची. येथील विद्यापीठात शिक्षण इंग्रजीतून होते आणि पहिल्या सहामाहीत 'ॲसेट', 'लायबिलिटी', 'प्रोव्हिजन' या शब्दांचा मारा सुरू होतो. यावर आमचा उपाय जुना आहे. वहीच्या डाव्या बाजूस इंग्रजी शब्द लिहावा आणि उजव्या बाजूस मराठी. परंतु कोशातला नव्हे, आपल्या आजीला समजेल असा. ॲसेट म्हणजे येणे अथवा जवळ असलेले, लायबिलिटी म्हणजे देणे, लिक्विडेटर म्हणजे बंद पडलेल्या पेढीचा पसारा आवरणारा. 'अधिकोष' हा बँकेसाठी घडविलेला शब्द आम्हांलाही एके काळी शिकविला गेला; तो लोकांनी घेतला नाही आणि आम्हांलाही त्याचा आग्रह नाही. ज्यास शब्द आजीच्या भाषेत सांगता येतो त्यास तो समजला, एवढी कसोटी पुरे आहे.

बँकिंगच्या अभ्यासाला लागूनच सार्वजनिक अर्थव्यवहाराचे, म्हणजे राज्याचे कर, कर्ज आणि चलन यांचे, विस्तीर्ण क्षेत्र आहे. या क्षेत्रातील एका थोर विद्यार्थ्याचा आमच्या नगरीशी संबंध आहे आणि तो सांगताना आम्हांला अभिमान व लज्जा दोन्ही वाटतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली, केन्सचे पुस्तक निघाले आणि बँका कोसळल्या त्याच वर्षी, बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. वय बावीस. १९१५ मध्ये एम. ए. साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व अर्थव्यवहार हा विषय घेतला. पुढील प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवर लिहिला. तो १९२५ मध्ये ग्रंथरूपाने निघाला तेव्हा त्यांनी तो सयाजीराव महाराजांना अर्पण केला. परंतु मध्यंतरी, १९१७ मध्ये, शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते नोकरीसाठी बडोद्यास आले असता या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. नाव लपवून एका पारशी धर्मशाळेत उतरावे लागले, तेथूनही बाहेर काढले गेले, आणि थोड्याच दिवसांत त्यांनी बडोदे सोडले. कमाटीबागेतील संकल्पभूमी त्या दिवसाची आठवण देते.

येथून ते मुंबईस गेले आणि १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. हे वाणिज्य महाविद्यालयही १९१३ सालीच निघालेले. तेथे पैसे जमवून ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रुपयाचे मोल सोन्याशी किती, याहून रुपयाने बाजारात काय मिळते हे महत्त्वाचे आहे. आणि रुपये पाडण्याचे प्रमाण सरकारच्या मर्जीवर सोडले तर ते मोल टिकणार नाही, असा त्यांचा रोख होता. या मुद्द्यावर त्यांनी केन्सच्या मताला थेट विरोध केला. बडोद्यातील वृद्धांच्या आठवणीत आजोबांकडून ऐकलेल्या बाबाशाही रुपयाच्या गोष्टी अजून असतील. विसाव्या शतकाच्या आरंभी ते नाणे जाऊन इंग्रजी रुपया आला. तोवर एका नाण्याचे दुसरे नाणे करताना सराफाला वटाव द्यावा लागे आणि गरिबाच्या मजुरीचे मोल पेठेतल्या भावाप्रमाणे हले. रुपयाचे मोल कोणी ठरवावे, हा प्रश्न अशा माणसाच्या पोटाशी जाऊन भिडतो. तो प्रश्न विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून सोडविता येतो, असा या विद्यार्थ्याचा विश्वास होता.

तेव्हा, "बँकेत लागण्यासाठी कोणती शाखा?" या प्रश्नासह येणाऱ्या मुलांना आम्ही अलीकडे एक काम देतो. घरातील कोणाचे खाते जेथे आहे त्या बँकेचा मागील वर्षाचा अहवाल घेऊन या, असे सांगतो. काही जण परत येत नाहीत. काही येतात, आणि मग दोन तास कसे जातात ते कळत नाही. गेल्या वर्षी अकरावीतील एका मुलीने आईच्या पतपेढीचा अहवाल आणला होता. तिने स्वतःच ओळीखाली बोट ठेवून विचारले, "हे थकलेले आणि ही तरतूद, यांत एवढे अंतर का?" आम्ही तिला पतपेढीत जाऊन हाच प्रश्न विचारावयास सांगितले. ती आईबरोबर गेली. व्यवस्थापकांनी त्यांना बसवून घेतले, चहा दिला, आणि उत्तर पुढच्या सर्वसाधारण सभेत मिळेल असे सांगितले. त्या सभेस दोघी गेल्या होत्या.

आत्याबाईंच्या फडताळातील तो अहवाल आम्ही जपून ठेवला आहे आणि वर्गात नेतो. सोळाव्या पानावर बरणीच्या बुडाचा तेलकट गोल उमटलेला आहे. लेखापरीक्षकांचा शेरा त्याच्या आत आला आहे. अक्षरे थोडी पिवळी पडली आहेत, पण वाचता येतात.